शकुंतलेचे रूळ आणि लोकांचा हिशेब

(यवतमाळ येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. कापसाचे भाव, कर्जाचा फास, कोरडवाहू शेतीची दैना हे जळते प्रश्न दारात उभे असताना बंद पडलेल्या एका चिमुकल्या आगगाडीवर तासभर बोलण्यासारखे आहे तरी काय? शकुंतलेच्या आठवणी काढून गहिवरणारे लेख वर्तमानपत्रांतून अधूनमधून येतच असतात. त्यांत आणखी एकाची भर घालण्याची माझी इच्छा नाही. मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविले. त्या शास्त्राच्या विद्यार्थ्याला या रुळांत जे दिसते तेवढेच मी आपल्यापुढे मांडणार आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे : ही गाडी म्हातारपणाने मेली नाही. रूळ एकाच्या मालकीचे, गाडी दुसऱ्याने चालवायची आणि हालअपेष्टा तिसऱ्याने सोसायच्या, अशा तिहेरी व्यवस्थेने ती मारली. ती व्यवस्था नीट समजून घेतली नाही, तर उद्या येथे मोठ्या मापाचे रूळ पडले तरी आपला प्रश्न सुटणार नाही.

कापसासाठी आलेले रूळ

आपल्या या वऱ्हाडाचा इतिहासच भाडेपट्ट्याचा आहे. १८५३ च्या तहाने निजामाने हा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात दिला आणि १९०२ मध्ये सालीना पंचवीस लाख रुपयांच्या मोबदल्यात तो त्यांना कायमच्या पट्ट्याने मिळाला. पुढच्याच वर्षी तो मध्य प्रांताला जोडण्यात आला. एका सत्ताधाऱ्याने दुसऱ्याला मुलूख भाड्याने द्यावा आणि त्या मुलखात राहणाऱ्या माणसांना कोणी विचारूही नये, हा त्या काळचा रिवाज होता. रेल्वेचा करार याच रिवाजाचे अपत्य होते, हे पुढे दिसून येईल.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तिकडचा कापूस बंद झाला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडच्या काळ्या जमिनीवर खिळली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे रूळ वऱ्हाड ओलांडून १८६७ मध्ये नागपूरला पोहोचले. खामगाव आणि अमरावती या कापसाच्या पेठा मुख्य मार्गापासून थोड्या बाजूला पडल्या होत्या. त्यांच्यासाठी जलंब आणि बडनेरा येथून छोटे फाटे काढण्यात आले. दक्षिणेकडचा आपला जिल्हा मात्र, ज्याला तेव्हा वणी जिल्हा म्हणत आणि १९०५ पासून यवतमाळ म्हणू लागले, दीर्घ काळ बैलबंडीच्या भरवशावर राहिला. दारव्हा, दिग्रस, पुसदचा कापूस बंड्यांतून कित्येक कोस तुडवीत मुख्य मार्गापर्यंत न्यावा लागे.

हिंदुस्थानातील रेल्वेविषयी कार्ल मार्क्सने १८५३ मध्येच लिहून ठेवले होते की, इंग्रज गिरणीमालकांना हे रूळ हवे आहेत ते कापूस व इतर कच्चा माल स्वस्तात खेचून नेण्यासाठी. तथापि लोखंड आणि कोळसा असलेल्या देशात एकदा आगगाडी आली की तिच्या पाठोपाठ आधुनिक उद्योग आल्याशिवाय राहणार नाही. त्याच्या विधानाचा पहिला भाग वऱ्हाडात तंतोतंत खरा ठरला. दुसरा भाग कितपत खरा ठरला, ते आपण रोज डोळ्यांनी पाहतो. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आले, सरकी निघाली, गाठी बांधल्या गेल्या. सूत आणि कापड मात्र बहुतांशी दुसरीकडेच होत राहिले.

नकाशा समोर ठेवून पाहा. मूर्तिजापूर हे मुंबई-नागपूर मार्गावरचे स्थानक. तेथून एक अरुंद मार्ग उत्तरेला दर्यापूर, अंजनगावच्या भागातून अचलपूरला जातो. त्याची लांबी सुमारे ७६ किलोमीटर. दुसरा दक्षिणेला कारंजा आणि दारव्हा-मोतीबागवरून यवतमाळला येतो; त्याची लांबी सुमारे ११३ किलोमीटर. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात पुलगावहून आर्वीला जाणारा सुमारे ३५ किलोमीटरचा तिसरा मार्ग त्याच कंपनीचा. या साऱ्या रेषा आतल्या प्रदेशातून निघतात आणि मुख्य मार्गाला मिळून थांबतात. यवतमाळहून नांदेडला, पुसदहून हिंगोलीला किंवा अचलपूरहून बैतूलला जाण्याची सोय व्हावी असा विचार त्या आखणीत कोठेही नाही. पन्हाळीतून पाणी एकाच बाजूला वाहावे, तसा माल मुंबईच्या बंदराकडे वाहावा एवढाच तिचा हेतू. जिल्ह्याच्या पूर्व टोकाला वणी-राजूर भागात कोळसा सापडला, तेथे मात्र साडेपाच फुटी मोठ्या मापाचे रूळ आले. कापसाला अडीच फूट आणि कोळशाला साडेपाच फूट! माणसांच्या गरजेचे माप कोणी घेतलेच नाही.

करार नावाचा शाप

हे अरुंद मार्ग सरकारने बांधले नाहीत. मुंबईच्या किलिक निक्सन या व्यापारी पेढीने १९१० मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी उभी केली. मार्ग कंपनीचे, गाड्या चालविणार मुख्य मार्गाची रेल्वे आणि उत्पन्नातील ठरलेला वाटा मालक कंपनीला, अशी ती योजना होती. भारतमंत्र्यांशी १९१३ मध्ये करार झाला आणि दर दहा वर्षांनी त्याचा फेरविचार करण्याची तरतूद त्यात ठेवण्यात आली. १९१७ पर्यंत हे तिन्ही मार्ग चालू झाले होते.

अशा शाखा-कंपन्यांना भांडवल मिळावे म्हणून इंग्रज सरकारने १८९० च्या दशकापासून एक युक्ती काढली होती, ती येथे मुद्दाम सांगण्यासारखी आहे. शाखा-मार्गाने आणलेला माल पुढे मुख्य मार्गावरून शेकडो मैल जातो आणि त्याचे भाडे मुख्य मार्गाला मिळते. तेव्हा त्या भाड्यातील काही भाग सूट म्हणून शाखा-कंपनीला द्यावा आणि तिच्या भागधारकांचे व्याज भरून काढावे, असा तो नियम होता. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. शाखा-मार्गाचे खरे उत्पन्न त्याच्या स्वतःच्या तिकीटविक्रीत मावत नाही, ते मुख्य मार्गाच्या हिशेबात जमा होते, ही गोष्ट साम्राज्याच्या कारकुनांनाही ठाऊक होती. दारव्ह्याची कापसाची गाठ मूर्तिजापूरला उतरवून मोठ्या गाडीत चढविली की पुढे मुंबईपर्यंतच्या सुमारे सहाशे किलोमीटरचे भाडे मुख्य मार्गाचे. भागधारकाच्या लाभासाठी हा हिशेब मांडता येत होता. स्वतंत्र भारतात प्रवाशाच्या लाभासाठी तो मांडण्याची वेळ आली, तेव्हा मात्र आपण तो विसरलो.

देशातील प्रमुख रेल्वे कंपन्या टप्प्याटप्प्याने सरकारकडे आल्या. ॲकवर्थ समितीने १९२१ मध्ये सरकारी व्यवस्थापनाची शिफारस केली, १९२५ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे सरकारच्या हाती आली आणि १९५१ मध्ये मध्य रेल्वे स्थापन झाली. १८९७ मध्ये सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वेसुद्धा अशीच अडीच फुटी आणि खासगी होती. १९५४ मध्ये सरकारने ती विकत घेतली. वेळ लागला, परंतु आज त्याच पट्ट्यातून मोठ्या मापाच्या गाड्या मिरज आणि लातूरच्या दिशेने धावतात. आपली शकुंतला मात्र कराराच्या कागदात अडकून राहिली. गाडी चालविणारी मध्य रेल्वे आणि मालकी सेंट्रल प्रॉव्हिन्सेस कंपनीची, ही व्यवस्था स्वातंत्र्यानंतरही दशकानुदशके चालू राहिली.

या गोष्टीचे वर्णन पुष्कळदा ‘अजून इंग्रजांच्या मालकीची रेल्वे’ अशा चटकदार शब्दांत होते. त्या चटकदारपणापासून कार्यकर्त्यांनी सावध राहावे. किलिक निक्सनची सूत्रे स्वातंत्र्यानंतर भारतीय हातांत आली. मालकाच्या कातडीचा रंग बदलला, करार तोच राहिला. राग धरायचाच असेल तर तो त्या कराराच्या रचनेवर धरला पाहिजे. ज्याच्या मालकीचे रूळ आहेत त्याला वाटा आपोआप मिळत असेल, तर तो नवे भांडवल कशाला घालील? आणि जो गाडी चालवितो त्याने दुसऱ्याच्या मालमत्तेवर खर्च का करावा? अशा स्थितीत दोन्ही पक्षांना शहाणपणाचा मार्ग एकच उरतो, तो म्हणजे काहीही न करणे. प्रत्येक पक्षाच्या दृष्टीने ते बरोबर, आणि समाजाच्या दृष्टीने सर्वनाश.

कालिदासाच्या दुष्यंताला आपल्या शकुंतलेचा विसर पडला तो दुर्वासांच्या शापाने. आमच्या शकुंतलेला राज्यकर्ते विसरले ते या कराराच्या शापाने. तेथे निदान अंगठी सापडल्यावर ओळख पटली. येथे अंगठी दर दहा वर्षांनी हाती येत होती. ओळख देण्याची इच्छा मात्र नव्हती.

गरिबांची गाडी, तोट्याची गाडी

१९२१ मध्ये मँचेस्टरला तयार झालेले वाफेचे इंजिन १९२३ मध्ये या मार्गावर आले आणि १५ एप्रिल १९९४ पर्यंत राबले. सत्तर वर्षांहून अधिक काळ एक इंजिन राबते, याचे कौतुक करणारे पुष्कळ भेटतात. ज्या कामगारांनी ते इतकी वर्षे जिवंत ठेवले त्यांचे कौतुक मीही करतो. परंतु अर्थशास्त्राच्या दृष्टीने ते इंजिन एका आरोपपत्रासारखे आहे. सत्तर वर्षे येथे नवे भांडवल आले नाही, याचा त्याहून स्पष्ट पुरावा कोणता? १९९४ नंतर डिझेल इंजिन आले. रूळ, पूल आणि खडी जुनीच राहिली. म्हणून वेग वाढला नाही. मूर्तिजापूर ते अचलपूर हे ७६ किलोमीटरचे अंतर कापायला सुमारे चार तास लागत. नोकरकपात इतकी झाली की गाडीबरोबरच्या माणसांनीच खाली उतरून फाटक लावायचे, गाडी पुढे काढायची, पुन्हा फाटक उघडायचे आणि तिकिटेही त्यांनीच द्यायची.

दरम्यान कापूस मालमोटारीने जाऊ लागला. मूर्तिजापूरला माल उतरवून पुन्हा चढविण्याची हमाली आणि खोटी व्यापाऱ्याला परवडेना. ज्याच्यासाठी रूळ टाकले तो माल गेला आणि गाडीत उरली माणसे : शेतमजूर, भाजीच्या पाट्या घेऊन बाजाराला निघालेल्या बाया, शाळकरी मुले, दवाखान्यात निघालेले म्हातारे. ज्या दिवशी ही गाडी खऱ्या अर्थाने लोकांची झाली, त्या दिवसापासून हिशेबाच्या वहीत ती तोट्याची ठरली. हा योगायोग नव्हे.

या तोट्याचे गणित एका उदाहरणाने पाहू. आकडे कल्पित आहेत, रीत खरी आहे. समजा, लाडखेडच्या एका बाईला दारव्ह्याच्या बाजाराला जायचे आहे. गाडीचे तिकीट दहा रुपये आहे आणि तिला नेण्याचा रेल्वेचा खर्च पंचवीस रुपये आहे. रेल्वेच्या वहीत पंधरा रुपये तोटा लिहिला गेला. गाडी बंद झाली. आता तीच बाई पाटीच्या भाड्यासह चाळीस रुपये देऊन खासगी वाहनाने जाते. रेल्वेचे पंधरा वाचले, बाईचे तीस गेले. समाजाच्या एकत्रित वहीत पंधरा रुपयांची खोट आली. परंतु ती खोट लिहायची कोणत्या वहीत? बाईजवळ वही नाही. आणि दिवसाची मजुरीच जिथे तुटपुंजी, तिथे ते तीस रुपये म्हणजे कधी बाजार बुडविणे, कधी मुलीची शाळा सोडविणे, कधी दुखणे अंगावर काढणे. ‘तोट्यातील सेवा’ हा शब्द ऐकला की आपण प्रत्येक वेळी विचारले पाहिजे : तोटा कोणाच्या वहीतला?

अनुशेषाची चर्चा आपल्याकडे नेहमी होते. १९८४ च्या दांडेकर समितीने विभागीय असमतोल मोजण्याची शिस्त घालून दिली, हे तिचे मोठे ऋण आहे. परंतु रेल्वे हा केंद्राचा विषय असल्याने राज्याच्या त्या मोजणीत तिला जागा नव्हती. १९२४ पासून रेल्वेचा अर्थसंकल्प वेगळा मांडला जात असे. त्या निमित्ताने निदान एखादा खासदार उठून आपल्या भागातील फाट्याचे नाव तरी घेई. २०१७ पासून तोही सर्वसाधारण अर्थसंकल्पात विलीन झाला. राज्याच्या हिशेबात ती नाही आणि केंद्राच्या हिशेबात ती दिसत नाही, अशी या छोट्या मार्गांची गत आहे.

पुसदचा पुसलेला फाटा

शकुंतलेचे निदान नाव तरी राहिले. तिच्या धाकट्या बहिणीचे तेही राहिले नाही. दारव्ह्याहून पुसदला जाणारा एक अडीच फुटी फाटा होता, हे आजच्या तरुण कार्यकर्त्यांपैकी किती जणांना ठाऊक आहे? ज्या पुसद भागात १९३० च्या जुलैमध्ये लोकनायक बापूजी अण्यांनी जंगल सत्याग्रह करून गवताच्या काडीवरील लोकांचा हक्क सांगितला, त्याच भागात त्याच सुमारास हा फाटा आला. आणि दुसरे महायुद्ध सरले तेव्हा तो नकाशावर उरला नव्हता. युद्धकाळात हिंदुस्थानातील अनेक शाखा-मार्ग उखडून त्यांचे लोखंड युद्धाच्या कामी लावण्यात आले, त्या लाटेत तोही गेला. रूळ आणताना पुसदला विचारले नव्हते, नेताना विचारण्याचा प्रश्नच नव्हता.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. रस्ता उखडून कोणी जहाजावर चढवीत नाही; रूळ चढविता येतात. म्हणून रेल्वेवर लोकांचे नियंत्रण असण्याची गरज रस्त्यापेक्षा अधिक आहे.

वर्धा-यवतमाळ-नांदेड या सुमारे २८४ किलोमीटरच्या मोठ्या मापाच्या मार्गाला २००८-०९ मध्ये मंजुरी मिळाली आणि दिग्रस व पुसद ही नावे पुन्हा रेल्वेच्या आराखड्यात आली. त्यातील वर्धा ते कळंब हा टप्पा २८ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झाला. या मार्गाने आपल्या जिल्ह्याला उत्तर-दक्षिण आरपार जोड मिळणार आहे. पन्हाळीऐवजी पूल व्हावा, तसा हा बदल आहे आणि त्याचे मनापासून स्वागत केले पाहिजे.

शकुंतलेच्या मार्गाचे रुंदीकरण करण्याची घोषणाही २०१६-१७ च्या सुमारास झाली. पंधराशे कोटींचा आकडा सांगण्यात आला. गाडी बंद झाली ती या आश्वासनाच्या सावलीत. मूर्तिजापूर, दर्यापूर, अंजनगाव, अचलपूर या भागांतील नागरिकांनी तिच्यासाठी आंदोलनेही केली. परंतु जुने बंद करायला एक आदेश पुरतो आणि नवे उभारायला पिढी लागते. मधल्या काळातील माणसांचे काय, याचे उत्तर कोणी देत नाही.

राष्ट्रीयीकरण पुरेसे आहे काय?

आता मी आपल्याला थोडा अप्रिय वाटेल असा प्रश्न विचारतो. ‘ही रेल्वे आधीच राष्ट्राच्या मालकीची केली असती, तर हे घडले नसते,’ असे आपण सहज म्हणतो. बार्शीचे उदाहरण त्याला आधार देते. पण उलट बाजूही पाहिली पाहिजे. येथे गाडी कोण चालवीत होते? सरकारचीच मध्य रेल्वे. फेरविचाराची संधी दर दहा वर्षांनी कोणापुढे येत होती? लोकांनी निवडलेल्या सरकारपुढे. संपूर्ण सरकारी मालकीचे किती तरी छोटे मार्ग देशात ‘अलाभकारी’ म्हणून मोडीत निघाले. मालकी सरकारकडे येणे ही आवश्यक अट होय; पुरेशी अट नव्हे. सरकारी खाते जर खासगी कंपनीच्याच वहीतून हिशेब पाहू लागले, तर मालकाचे नाव बदलून प्रवाशाला काय मिळाले?

आपल्या चळवळीतील माणसांनी या प्रश्नाचे उत्तर कृतीने देण्याचा प्रयत्न केलेला आहे. १९७७ मध्ये प्रा. मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले, तेव्हा दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळीवर झोपणाऱ्या माणसाचा विचार त्यांनी प्रथम केला आणि त्या फळीवर गादी आली. गोष्ट लहान दिसते. परंतु तिच्यामागचे तत्त्व मोठे आहे : रेल्वेचे यश तिच्या सर्वांत साध्या प्रवाशाच्या सोयीवरून मोजायचे. कोकणातील कठीण डोंगर फोडून रेल्वे जाऊ शकली, कारण त्यामागे राजकीय निर्धार होता. वऱ्हाडच्या सपाट काळ्या मातीत ११३ किलोमीटरचे रूळ बदलणे त्याहून अवघड होते, असे कोणताही अभियंता म्हणणार नाही.

म्हणून माझे सांगणे असे की सार्वजनिक मालकीबरोबर सार्वजनिक हिशेब आणि सार्वजनिक देखरेख मागितली पाहिजे. मार्ग बंद करण्यापूर्वी त्या भागातील ग्रामसभांचे म्हणणे ऐकावे, पर्यायी वाहनाचा खर्च प्रवाशांवर किती पडेल ते मोजावे, आणि हा हिशेब जाहीर करावा. एवढे बंधन जरी असते, तरी शकुंतला अशी निमूटपणे बंद करता आली नसती.

अवशेष वाचायचे कसे

आता कामाचे बोलू. जुन्या मार्गाचे अवशेष शोधणे हा इतिहासाच्या हौशी अभ्यासकाचा छंद मानला जातो. माझ्या मते ते राजकीय काम आहे, कारण या रुळांखाली सलग, अरुंद आणि लांबलचक सार्वजनिक जमीन आहे. रूळ गेले की खडी जाते, खडी गेली की भराव नांगरला जातो, भराव गेला की हद्द पुसली जाते. मग ज्याचे बळ जास्त त्याची जमीन. गरीब माणसाने टाकलेली झोपडी चटकन ‘अतिक्रमण’ ठरते. बड्या माणसाचे कुंपण मात्र वीस वर्षांनी ‘वहिवाट’ ठरते.

रेल्वेची जुनी वाट ओळखायची कशी? शेताचे बांध ओढ्या-नाल्याच्या कलाने वळतात. रेल्वेची वाट त्यांना छेदून सरळ जाते आणि वळलीच तर लांब, सावकाश वळते. इंजिनाला चढ सोसत नाही, म्हणून उंचवट्यावर ती खोदून काढलेली असते आणि सखल जागी भराव घातलेला असतो. ओढ्यावर मोऱ्या बांधलेल्या असतात; रूळ गेल्यावरही त्या सहसा कोणी मोडत नाही. स्थानकाजवळ विहीर किंवा पाण्याची टाकी असायचीच, कारण वाफेच्या इंजिनाला पाणी लागे. आणि जिनिंगचे जुने कारखाने कोठे आहेत ते पाहिले की मालधक्का कोठे असेल याचा अंदाज बांधता येतो.

जमिनीवरच्या खुणांइतकाच महत्त्वाचा कागद. सात-बारा, जुने मोजणी नकाशे, भूसंपादनाच्या नोंदी यांत रेल्वेच्या पट्ट्याचे गट क्रमांक मिळतील. तिसरा पुरावा माणसांचा. सांधेवाले, गँगमन, फाटकवाले, मालधक्क्यावरचे हमाल यांच्यापैकी जे हयात आहेत ते आता थकले आहेत. इंजिनाचा सन आणि कारखाना सर्वांना पाठ असतो. त्या इंजिनात कोळसा टाकणाऱ्याला पगार किती होता, सुट्टी किती मिळे, घर कसले होते, हे कोणी विचारलेले नसते. ते विचारून लिहून घेतले पाहिजे. पुसदच्या फाट्यावर काम केलेली माणसे आता मिळणे कठीण. त्यांच्या मुला-नातवंडांकडून जेवढे मिळेल तेवढे घ्यावे.

यवतमाळ, लासिना, लाडखेड, दारव्हा-मोतीबाग, कारंजा, मूर्तिजापूर : प्रत्येक ठिकाणच्या शाखेने आपल्या भागातील चार-पाच किलोमीटरची जबाबदारी घ्यावी. भराव कोठे शाबूत आहे, मोऱ्या किती, इमारतीची स्थिती काय, जमीन कोणाच्या ताब्यात आहे, याची साधी नोंदवही करावी. गाडी बंद झाल्यापासून बाजाराला, शाळेला, दवाखान्याला जाण्याचा खर्च किती वाढला, हे प्रत्येक गावातील पंचवीस घरांना विचारावे. ज्या बाईजवळ वही नाही म्हणून मी म्हटले, तिची वही आपण लिहायची आहे.

काय मागायचे

या नोंदवहीच्या आधारावर आपल्या मागण्या चार असाव्यात. पहिली, जुन्या कराराचा सर्व व्यवहार, मालकीची आजची स्थिती आणि आजवर दिलेल्या रकमा जनतेपुढे मांडाव्यात. दुसरी, पुसदच्या फाट्यासह सर्व जुन्या मार्गांची सार्वजनिक जमीन मोजून, खुणा घालून राखावी. ज्या भूमिहीनांनी तिच्यावर निवारा उभारला आहे त्यांचे पुनर्वसन करूनच ती मोकळी करावी आणि बड्यांची कुंपणे आधी काढावीत. तिसरी, रुंदीकरणाचे वेळापत्रक टप्प्यांसह जाहीर करावे आणि ते पूर्ण होईपर्यंत त्या मार्गावरील गावांना रेल्वेच्या दरात एस. टी.ची सोय द्यावी. चौथी, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची : नवे रूळ पडतील तेव्हा छोट्या गावांचे थांबे आणि साधी सवारी गाडी यांची हमी घ्यावी. मोठ्या मापाच्या रुळांवरून वेगवान गाड्या लाडखेडवरून न थांबता धडधडत जाणार असतील, तर आपल्या जिल्ह्याला पुन्हा एकदा पन्हाळीच मिळेल. फरक इतकाच की पूर्वी तिच्यातून कापूस वाहत होता, आता काम शोधत पुण्या-मुंबईकडे निघालेली तरुण पोरे वाहतील.

मित्रहो, अडीच फुटांच्या रुळांनी आपल्याला शतकभर हे शिकविले की रूळ कोठून कोठे जातात यापेक्षा ते कोणासाठी जातात, हा प्रश्न आधी विचारावा लागतो. १९१३ मध्ये हा प्रश्न विचारण्याचा अधिकार आपल्या पूर्वजांना नव्हता. आपल्याला तो आहे. येत्या पावसाळ्यापूर्वी, गवत वाढून खुणा झाकल्या जाण्याआधी, प्रत्येक शाखेची नोंदवही तयार व्हावी एवढी अपेक्षा व्यक्त करतो आणि आपली रजा घेतो.